विंडोज जेन्युइन ॲडव्हान्टेज : अस्सल ग्राहकांवर नकलीचा शिक्का

संगणकातील विंडोज प्रणाली अधिकृत आहे की चोरीची, हे इंटरनेटद्वारे पडताळण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ही यंत्रणा आणली. जुलै २००५ पासून सुरक्षाविषयक सुधारणा वगळता अन्य डाउनलोडसाठी ही तपासणी सक्तीची झाली. काही दिवसांतच तिला चकवण्याची युक्ती सर्वत्र पसरली. चाचे मोकळे राहिले. प्रामाणिकपणाचा दाखला द्यावा लागला तो पैसे मोजणाऱ्यांना.

२००६ मध्ये ही यंत्रणा दररोज कंपनीच्या सर्व्हरशी परस्पर संपर्क साधते, हे उघडकीस आले आणि टीकेची झोड उठली.

खरी फजिती झाली २४ ऑगस्ट २००७ रोजी. चाचणीच्या टप्प्यातील प्रोग्रॅम चुकून प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर चढवला गेला आणि अस्सल प्रती 'नकली' ठरू लागल्या. व्हिस्टा वापरणाऱ्यांची 'एरो' दृश्यरचना व 'रेडीबूस्ट' सुविधा बंद पडली. हा गोंधळ सुमारे १९ तास चालला. बाधित संगणक १२ हजारांहून कमी होते, असे कंपनीने सांगितले. पण निरपराध्यांची संख्या थोडी, हा काही बचाव नव्हे. गंमत अशी की सर्व्हर साफ बंद पडला असता, तर प्रत अस्सलच मानली जाण्याची सोय होती. येथे सर्व्हर चालू होता आणि चुकीचा निवाडा देत होता!

पडताळणीत अनुत्तीर्ण ठरलेल्या व्हिस्टाचा वापर जवळजवळ रोखणारी तरतूद २००८ मधील 'सर्व्हिस पॅक १'ने काढून टाकली. तिची जागा वारंवार झळकणाऱ्या सूचनांनी घेतली. विंडोज ७ मध्ये यंत्रणेचे नावही बदलले.