जिवंत खडक आणि खाऱ्या टाकीची पूर्वतयारी

जिवंत खडक : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जैविक गाळणीचे काम करणारा सच्छिद्र चुनखडी दगड. हौशी मंडळी त्याला लाइव्ह रॉक म्हणतात. बहुधा तो मृत प्रवाळांच्या सांगाड्याचा असतो आणि त्याच्या छिद्रांत जीवाणू, शैवाल, स्पंज, कृमी वस्ती करून असतात. मासे सोडण्यापूर्वी त्याच्या आधारे नायट्रोजन चक्र बसवणे म्हणजे ‘टाकी सायकल करणे’. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लेख लिहून ही नैसर्गिक पद्धत हौशांपुढे मांडली.

विष्ठा, उरलेले खाद्य व मेलेले जीव कुजून अमोनिया सुटतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला देत. १९९० च्या दशकातील संशोधनात मत्स्यालयांत नायट्रोस्पायराचे प्राबल्य आढळले. दगडाच्या गाभ्यात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो निघून जातो. साध्या गाळणीला हे सहसा जमत नाही.

आरओ पाण्यात सागरी मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास व तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. पंप सतत चालू, दिवे शक्यतो बंद. प्रवासात दगडावरचे काही जीव मरतात, त्यामुळे अमोनिया आधी चढतो, मग नायट्राइट. टेस्ट किटवर दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की चक्र बसले. याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. मधे काचेवर तपकिरी थर धरतो. तो डायटमचा, घाबरण्यासारखा नव्हे. नंतर बरेचसे पाणी बदलून एखादाच काटक मासा सोडावा. मासा सोडूनच चक्र सुरू करण्याची जुनी रीत क्रूर आहे. खाऱ्या पाण्याचा सामू ८ च्या वर असतो, त्यामुळे अमोनियाचा विषारी अंश वाढतो.

महाराष्ट्रात खरी अडचण कायद्याची आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सर्व प्रवाळे आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळवसाहती २०२० मध्ये हलवल्या, त्याही वन खात्याची परवानगी घेऊनच. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ पासून राखीव आहे. तेव्हा तिथला दगड उचलून आणणे हा पर्यायच नाही.

दगडासारखाच प्रश्न पाण्याचाही आहे. उदाहरणार्थ, भिवंडी तालुक्यातील कोन गाव कल्याणसमोर, उल्हास खाडीच्या काठी आहे. खारे पाणी दारात असले तरी ते टाकीत घेऊ नये: पावसाळ्यात त्याची क्षारता कोसळते, शिवाय गाळ व सांडपाणी आहेच. अशा ठिकाणी कोरडा कृत्रिम सच्छिद्र दगड आणि बाटलीतले जीवाणू हाच सरळ मार्ग. कोरड्या दगडावर कुजायला काही नसते, म्हणून अमोनिया बाहेरून द्यावा लागतो: चिमूटभर माशांचे खाद्य, किंवा शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. कल्हईचा बाजारी नवसागर मात्र वापरू नये, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. अशी टाकी बसायला बहुधा अधिक वेळ लागतो. दुकानदार ‘समुद्रातला अस्सल’ प्रवाळखडक पुढे करील, तर तो घेऊ नये.