पाषाणातील देवालये आणि आपले कर्तव्य

देवालये दोन प्रकारची असतात. काही दगडावर दगड रचून बांधलेली, तर काही डोंगर कोरून घडविलेली. या दुसऱ्या प्रकारात महाराष्ट्राचे स्थान फार मोठे आहे.

वेरूळचे कैलास लेणे (क्रमांक १६) हे त्यांतील शिरोमणी होय. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कारकीर्दीत, आठव्या शतकात, हे शिवालय खोदले गेले. कारागिरांनी आधी शिखर घडविले व मग ते खाली उतरत गेले. सुमारे १०० फूट उंचीचे हे मंदिर एकाच अखंड खडकातले आहे. नंदीमंडप, पाठीवर मंदिराचा भार पेलणारे हत्ती, रामायण-महाभारताचे शिल्पपट आणि कैलास हलविणारा रावण पाहताना यात्रेकरू थक्क होतो. जवळच घृष्णेश्वर आहे. त्याचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसले व पुढे अहिल्याबाई होळकर यांनी केला.

कैलासाचा कर्ता कसा कळला? बडोद्यास सापडलेल्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटावरून. तो मुळात एक गाव दान दिल्याचा दस्तऐवज आहे. त्यात कृष्णराजाने एलापूरच्या डोंगरावर अद्भुत मंदिर उभारल्याची नोंद आहे. खुद्द शिल्पकारही आपली कृती पाहून चकित झाला, असे त्यात म्हटले आहे. ताम्रपट राहिला, म्हणून नाव राहिले.

घारापुरीची गोष्ट याच्या उलट आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तेथे जाता येते. तेथील त्रिमूर्ती, म्हणजेच तीन मुखांचा सदाशिव, १८ ते २० फूट उंच असून त्याची मुद्रा अत्यंत शांत आहे. हे लेणे सहाव्या शतकातले मानतात. परंतु १५३४ साली बेट पोर्तुगीजांकडे गेले आणि त्यांच्या अमलात तेथील शिलालेख काढून पोर्तुगालला नेण्यात आला. पुढे तो नाहीसा झाला. त्यामुळे लेणे कोणी कोरविले, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. एक दगड गेला आणि कर्त्याचे नावही गेले.

जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने यातून बोध घ्यावा. देवळाच्या आवारातील वीरगळ, झिजलेल्या मूर्ती, अक्षरे कोरलेले दगड हे गावाचे दप्तरच होय. ते पायात भरू नयेत, त्यांवर ऑइलपेंट फासू नये. ओट्यावर नीट मांडून ठेवावेत व पुरातत्त्व खात्यास कळवावे. आजच्या देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर लागतील, ते योग्यच आहे. परंतु ज्या पूर्वजांनी पहिला दगड घडविला, त्यांची खूण त्या जुन्या दगडांवरच आहे. नव्या कळसाबरोबर तीही राखली जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.