एक आडनाव, अनेक घराणी : भोसल्यांच्या वंशावळी कशा वाचाव्यात?

‘आमचे आडनाव भोसले. मग आम्ही छत्रपतींच्याच घराण्यातले का?’ इतिहासावर चार ओळी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतो. विचारणारा बहुधा विशी-पंचविशीचा असतो आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे असते. प्रामाणिक उत्तर मात्र एका शब्दात मावत नाही. आजचा धागा त्या लांबलेल्या उत्तराचा आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात पारद या गावापासून करू. सन १७०७. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून स्वराज्याकडे निघाले होते. वाटेत पारदच्या पाटलाने त्यांना विरोध केला. पाटील लोखंडे आडनावाचे. चकमक झाली आणि पाटील मारले गेले. तेव्हा त्यांच्या विधवेने आपले तान्हे मूल आणून शाहू महाराजांच्या पायांवर घातले, असा वृत्तान्त आहे. महाराजांनी त्या मुलाला पदरी घेतले आणि पहिल्याच प्रसंगी मिळालेल्या यशाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. तो पुत्रवत वाढला, भोसले झाला आणि पुढे अक्कलकोटचा धनी झाला. १९४८ साली विलीन झालेले अक्कलकोट संस्थान ते हेच.

आता या घराण्याची वंशावळ आपण खालून वर चढत नेऊ लागलो, तर फत्तेसिंहापाशी दोन वाटा फुटतात. आडनाव साताऱ्याच्या गादीकडे नेते. रक्त पारदच्या पाटीलवाड्याकडे. यांतली खरी वाट कोणती? माझ्या मते दोन्ही. आडनाव मानाने, मायेने आणि जहागिरीसह मिळाले होते, ते चोरलेले नव्हते. पण ‘भोसले म्हणून एका रक्ताचे’ हे समीकरण मात्र इथेच मोडते, आणि तेही खुद्द छत्रपतींच्या हातून!

त्याच वर्षातला दुसरा प्रसंग पाहा. शाहू महाराज परतले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाकडून शंका उठवली गेली की हा शाहू खरा नव्हेच, कोणी तोतया आहे. अशा वेळी वऱ्हाडाकडील मातब्बर सरदार परसोजी भोसले येऊन मिळाले आणि शाहू महाराजांबरोबर एका ताटात जेवले, असे सांगितले जाते. त्या काळच्या समाजात त्या एका जेवणाचे वजन मोठे होते. आज आपण वंशाचा पुरावा म्हटले की कागद मागतो. तेव्हा पंगत हाही पुरावाच होता. सोयरीक, सुतक, पंगत आणि मानपान यांत कोण कोणाला धरतो, यावरून घराण्याच्या सीमा ठरत. परसोजींच्याच घराण्यातून पुढे नागपूरकर भोसल्यांचे राज्य उभे राहिले.

या नागपूरकरांना जुन्या लिखाणात ‘हिंगणीकर’ही म्हटले जाते. इकडे शहाजीराजांचे आजोबा बाबाजी यांच्या घराण्याच्या पाटीलकीच्या गावांतही हिंगणीचे नाव येते. म्हणजे दोन्ही घराणी मुळात एकाच गावच्या भाऊबंदकीतली असण्याचा दावा पोकळ म्हणता येत नाही. फांदी नेमकी कुठे फुटली, हे दाखवणारी एक ठळक रेघ मात्र काढून मोकळे होऊ नये. आडनावाच्या जुळणीपेक्षा गावाची जुळणी अधिक बोलकी असते, एवढे इथे लक्षात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग होईल.

बाबाजींच्या मागे गेले की समकालीन कागद विरळ होत जातात आणि स्मृतीचा, काव्याचा व राजकारणाचा प्रदेश सुरू होतो. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात मालोजीराजे सूर्यवंशी म्हणून येतात. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या संदर्भात सभासद बखर शिसोदे कुळाचा उल्लेख करते. राज्याभिषेकासाठी क्षत्रियत्व सिद्ध होणे गरजेचे होते, हे आपण सर्व जाणतो. मुधोळच्या घोरपडे घराण्याकडील बहमनी फर्माने विसाव्या शतकात छापली गेली, तेव्हा या शिसोदे परंपरेला जुना लेखी आधार मिळाल्याचे अनेकांना वाटले. इतर अभ्यासकांनी त्या फर्मानांच्या अस्सलपणावरच शंका घेतली. हा वाद मिटलेला नाही. त्यात उडी घेण्यापूर्वी निदान दोन्ही बाजूंचे लेखन वाचावे, ही विनंती. महाराजांचे मोठेपण त्या निकालावर अवलंबून नाही.

घोरपड्यांचा उल्लेख आलाच आहे तर एक गंमत. त्यांची परंपरा सांगते की ते मूळचे भोसलेच. घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढल्यामुळे नाव बदलले. ही कथा शब्दशः घ्यावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण लोखंड्यांचे भोसले होतात आणि भोसले म्हणवणारे घोरपडे होतात, हे दोन्ही एकत्र ठेवले की आडनाव किती चंचल वस्तू आहे ते ध्यानात येते.

आता तंजावरला जाऊ. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तिथे राज्य स्थापले होते, म्हणून भोसल्यांची एक गादी कावेरीकाठी. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला एक प्रचंड मराठी शिलालेख आहे. दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेने त्यात भोसले वंशाचा वृत्तान्त लिहिला गेला. चोळ राजांनी बांधलेल्या मंदिराच्या भिंतीवर मराठी घराण्याची बखर! पाहताना ऊर भरून येतो, ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे उभे राहून आणखी एक प्रश्न विचारावा : १८०३ सालीच का?

उत्तर आधीच्या सोळा वर्षांत आहे. सरफोजी हे दत्तक पुत्र. १७८७ मध्ये तुळजाराजे वारले आणि त्यांचे बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधान अमान्य ठरवून गादी घेतली. सरफोजींना ती मिळाली १७९८ मध्ये, इंग्रजांच्या पाठिंब्याने. त्याची किंमत १७९९ च्या तहाने वसूल झाली : राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे उरले तंजावरचा किल्ला व भोवतालचा भाग. ज्याच्या वंशातील स्थानावरच वाद घातला गेला आणि ज्याचे राज्यही गेले, त्या राजाने आपली वंशकथा दगडात कोरून ठेवली. लेख त्यामुळे खोटा ठरत नाही. मात्र तो कोणत्या वेदनेतून लिहिला गेला हे कळल्याशिवाय तो पुरता वाचला असेही म्हणता येणार नाही.

साध्या घरांच्या वंशावळीही अशाच निकडीतून जन्मल्या. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा भरे. वादी-प्रतिवादी आपापला ‘करीना’ लिहून देत, म्हणजे मूळ पुरुषापासून आजवर घरात काय घडले याची हकिकत. वडीलकी कोणाची, शिमग्याच्या पोळीचा मान कोणाचा, पहिला विडा कोणाला, यांवर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली आणि त्या भांडणांनीच आपल्यासाठी नावे जपून ठेवली. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनभर इनामदारांना सनदा व वंशावळी घेऊन उभे राहावे लागले. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले तेही वारसाच्याच मुद्द्यावर. आपल्या काळातही २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कित्येक घरांतील माळ्यावरची मोडी दफ्तरे पुन्हा खाली उतरली.

म्हणून कोणतीही वंशावळ हाती आली की ती कोणी, केव्हा आणि कोणासमोर मांडण्यासाठी लिहिली, हे आधी पाहावे. तंट्यात लिहिलेल्या वंशावळीतून विरोधी शाखा गळते. निपुत्रिक गळतात. मुली तर जवळजवळ नेहमीच गळतात. एखादी विधवा दत्तक घ्यायला पुढे झाली की तेवढ्यापुरते तिचे नाव येते.

‘पण आमचे आडनाव भोसले नाही, आम्ही काय करावे?’ पद्धत तीच. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही तर हुद्द्यांची नावे. पाटील मराठा असतो, आगरी असतो, कोळी, लिंगायत, जैन वा मुसलमानही असतो. राज्यभरच्या पाटलांचा एक मूळ पुरुष शोधणे व्यर्थ आहे. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. सोयरीक जुळवताना ते आडनावावर थांबत नसत. देवक विचारत, गोत्र विचारत, कुलदैवत आणि मूळ गाव विचारत. संशोधकानेही याच क्रमाने विचारावे.

कागदांपैकी तलाठ्याकडचे जुने फेरफार सर्वांत उपयोगी, कारण वारस लावताना बापाची आणि सर्व मुलांची नावे तिथे एकत्र येतात. गाव नमुना १४ मध्ये जन्म-मृत्यू सापडतात, शाळेच्या जुन्या रजिस्टरात जन्मगाव. वतनदार घर असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराला पर्याय नाही, आणि त्यासाठी मोडी यायलाच हवी. ती काही महिन्यांच्या सरावाने येते; भीती बाळगू नये. पैसे घेऊन ‘आपल्या आडनावाचा राजवंश’ छापून देणाऱ्या पुस्तिकांपासून मात्र चार हात दूर राहावे. त्यांत बाराव्या शतकापर्यंत अखंड नावे असतात आणि आजोबांच्या आजोबांचे गाव नसते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा वेगळाच खजिना आहे. क्रियाकर्मासाठी आलेला यजमान गाव, नाव, भाऊ, मुले असे सारे सांगून जाई आणि ते तिथेच नोंदले जाई. तिथे गेल्यावर उपाध्ये पहिला प्रश्न विचारतील तो मूळ गावाचा. तेव्हा निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर आजीपाशी तासभर बसावे आणि गाव विचारून घ्यावे : आताचे नव्हे, त्याच्या आधीचे.