निकालाचे मोल : इंग्लंड, पुणे आणि मनमाड

१/ मुलाला वाचता येते, हे ठरवायचे कसे? पुस्तकातील धडा घडाघडा म्हटला म्हणून, की न पाहिलेला उतारा वाचून त्याचा अर्थ सांगितला म्हणून? हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एक धागा मनमाडपर्यंत येतो. 🧵

२/ १८६२ मध्ये इंग्लंडात ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आली. तपासनीस शाळेत येऊन वाचन, लेखन व अंकगणित यांत एकेका मुलाची परीक्षा घेई. अनुदानाचा मोठा भाग उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर ठरे.

३/ कवी मॅथ्यू अर्नॉल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. त्यांनी अहवालात नोंदविले की, चतुराईने तयारी करून घेतली, तर खरोखर वाचता न येणारी मुलेही वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. क्रमिक पुस्तक मुखोद्गत असले की पुरे!

४/ मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानासाठी हीच पद्धत स्वीकारली गेली. १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा तिच्यावर मते मागविण्यात आली.

५/ १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिला विरोध केला. अर्नॉल्ड यांना वर्गातील मुलाची चिंता होती. फुल्यांना शाळेपर्यंत न पोहोचलेल्या मुलाची. ज्या समाजात विद्येची गोडी अद्याप लागलेली नाही, तेथे निकालावर पोट भरू पाहणारा शिक्षक शाळा काढणारच नाही, हा त्यांचा युक्तिवाद.

६/ त्याच निवेदनात त्यांनी मराठी क्रमिक पुस्तकेही नव्याने रचण्याची मागणी केली. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान हा अभ्यासक्रम सुचविला. किमान १२ व्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असेही म्हटले.

७/ आता मनमाड. १२-१३ फेब्रुवारी १९३८ रोजी या जंक्शनवर जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

८/ त्यांनी दाखवून दिले की, रेल्वेतील कारकुनीसाठी कोणतीही पात्रता परीक्षा नाही. अन्य समाजांतील मॅट्रिक न झालेले शेकडो लोक कारकून आहेत; अस्पृश्य समाजातील मॅट्रिक तरुणांना मात्र ती जागा नाकारली जाते. त्यांच्या वाट्याला गँगमनचे काम.

९/ फुल्यांच्या लेखी निकालाची सक्ती शाळेच्या आड येत होती. आंबेडकरांच्या लेखी निकाल हाती असूनही दार बंद होते. परीक्षेला न्याय्य म्हणायचे, तर तिच्याआधी शिक्षण मिळाले पाहिजे आणि तिच्यानंतर निकालाचा मान राखला गेला पाहिजे.

१०/ आज शिष्यवृत्ती परीक्षेच्या भाषा विभागात न पाहिलेला उतारा असतो. तो पाठ करता येत नाही; अर्नॉल्ड यांची तक्रार तेवढी दूर झाली. मात्र तो समजून घेण्याची सवय कोणत्या मुलाला लावली गेली आणि कोणाच्या हाती केवळ प्रश्नसंच पडला, हे निकालपत्रक सांगत नाही. फुल्यांचा प्रश्न तेथे उरतोच.