आकाशवाणीचा दिवस : मुंबई आणि पुणे केंद्रे, १९५० ते १९७०

१९५० आणि १९६० च्या दशकांत आकाशवाणीच्या मराठी केंद्रांचे प्रसारण तीन सभांमध्ये होत असे : सकाळची, दुपारची आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंतची. दोन सभांच्या मधल्या वेळात केंद्र बंद राही. बहुतेक घरांत एकच रेडिओ असे आणि त्यावर स्पष्ट लागणारी केंद्रेही मोजकीच असत. त्यामुळे शेतकरी, गृहिणी, गिरणी कामगार, शाळकरी मुले, संगीताचे जाणकार अशा सगळ्यांना त्याच दिवसात वाटा द्यावा लागे. या वाटणीतूनच आकाशवाणीच्या दिवसाला त्याचे वैविध्य आले.

मुंबईत नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. केंद्राचा प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॉटचा होता. परवान्यांतून मिळणारे उत्पन्न खर्चाला पुरेना आणि १९३० मध्ये कंपनी बंद पडली. त्याच वर्षी सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर केंद्रांची संख्या वाढू लागली. नागपूर केंद्र १९४८ मध्ये, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. ‘आकाशवाणी’ हे नाव १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर रूढ झाले.

त्या काळचा रेडिओ हे घरातले मोलाचे सामान होते. तो वापरायला टपाल खात्याचा परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. मर्फी, फिलिप्स, बुश यांचे लाकडी पेटीतले व्हॉल्व्हचे संच फळीवर किंवा खास कोनाड्यात ठेवलेले असत. अनेक घरांत त्यांवर भरतकाम केलेला पडदा असे. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेच्या जाळीची पट्टी ताणून बांधलेली असे; तीच एरियल. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापून आवाज यायला थोडा वेळ लागे, म्हणून बातम्या चुकू नयेत यासाठी संच आधीच लावून ठेवत. काही संचांवर हिरवा दिवा असे आणि केंद्र नीट जुळले की त्याची पट्टी मिटत जाई. खेड्यांत सामूहिक श्रवणाच्या सरकारी योजनेतला संच पंचायतीच्या कचेरीत किंवा चावडीवर असे. तिथे गावकरी संध्याकाळी एकत्र बसून ऐकत.

सकाळची सभा आकाशवाणीच्या संकेतधुनीने सुरू होई. ही धून वॉल्टर कॉफमन यांनी रचली. मूळचे चेकोस्लोव्हाकियातले हे ज्यू संगीतकार १९३० च्या दशकात मुंबईत आले आणि पुढे मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. तंबोऱ्याच्या साथीवर वाजणाऱ्या व्हायोलिनची ही धून शिवरंजनी रागाच्या स्वरांवर आधारलेली मानतात. धुनीनंतर ‘वंदे मातरम्’, मग सनई आणि भक्तिगीते असा क्रम असे. अभंग, भूपाळ्या आणि स्तोत्रे यांनी घरातली कामे सुरू होत. त्यानंतर काही मिनिटांचे चिंतन, हवामान आणि दिवसाच्या कार्यक्रमांची रूपरेषा येई.

बातम्या हा सकाळच्या सभेचा कणा होता. मराठी राष्ट्रीय बातमीपत्र दिल्लीहून वाचले जाई आणि महाराष्ट्रातली केंद्रे ते सहक्षेपित करत. प्रादेशिक बातम्या राज्यातल्या केंद्रांवरून दिल्या जात. पुणे केंद्राच्या सुधा नरवणे यांचा आवाज पुढे त्यामुळे घरोघरी ओळखीचा झाला. बातमीपत्रापूर्वीच्या ठोक्यांवर लोक घड्याळे लावत. शाळेला निघायची, लोकल पकडायची, दुकान उघडायची वेळ कार्यक्रमांवरून ठरे.

सकाळीच शास्त्रीय संगीताचाही भाग असे. टेपचा वापर रुळेपर्यंत गाणे बहुतांशी थेट प्रसारित होई. एकाच कलाकाराला सकाळी आणि पुन्हा रात्री गायला बोलावत, म्हणून एकाच दिवशी त्याच्याकडून तोडी किंवा भैरव आणि नंतर यमन किंवा बागेश्री ऐकायला मिळे. रागांच्या समयचक्राची ओळख अनेकांना मैफिलीला न जाता अशी झाली. साथीला सारंगी किंवा व्हायोलिन असे. हार्मोनियमला १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर मज्जाव होता, कारण तिचे पक्के स्वर भारतीय श्रुतींना आणि मींडेला मानवत नाहीत असे धोरणकर्त्यांचे मत होते. १९५० च्या दशकात कलाकारांच्या श्रवणचाचण्या घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत पक्की झाली. संस्थानांचा आश्रय संपलेल्या काळात अनेक गवयांना आणि वादकांना या मानधनाचा आधार झाला.

‘गीतरामायण’ हे सकाळच्या प्रसारणातले सर्वांत मोठे यश. पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकारातून ही कल्पना आकाराला आली. गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडक्यांचे होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला नवे गीत येत राहिले. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक अशा अनेक गायकांनी ती गायिली. प्रसारणाच्या वेळी श्रोते रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सगळ्या प्रदेशाने एकच गीत ऐकायचे, ही रेडिओची ताकद त्या वर्षी स्पष्ट दिसली.

दुपारची सभा मुख्यतः घरी असणाऱ्यांसाठी असे. मुंबई केंद्राच्या ‘वनिता मंडळ’मध्ये पाककृती, बालसंगोपन, आरोग्य, कायद्याची माहिती, पुस्तकांची ओळख आणि गाणी असत. घराबाहेरच्या जगाशी फारसा संबंध न येणाऱ्या स्त्रियांना डॉक्टर, वकील, लेखिका यांचे बोलणे इथे ऐकायला मिळे. त्या पत्रे पाठवत आणि त्यांतल्या प्रश्नांना कार्यक्रमात उत्तरे मिळत. शाळांसाठीचे पाठ वर्गात ऐकवले जात. क्रिकेट सामन्यांच्या काळात मात्र हे वेळापत्रक बाजूला पडे. बाळ ज. पंडित यांनी मराठीतून समालोचन करून इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यालाही मैदानावर नेले.

संध्याकाळची सभा सर्वांत मोठी. तिची सुरुवात मुले, शेतकरी आणि कामगार यांच्यापासून होई. पुण्याच्या ‘बालोद्यान’मध्ये मुले स्टुडिओत येऊन नाट्यछटा, गोष्टी आणि गाणी सादर करत. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बाजारभाव, पावसाचा अंदाज, खतांची आणि बियाण्यांची माहिती बोलीभाषेतल्या संवादांतून दिली जाई. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांनी दीर्घकाळ काम केले.

याच भागात १९५६ मध्ये ‘रेडिओ ग्रामसभां’चा प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आणि आसपासच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावातले पंधरा-वीस जण तो ऐकून लगेच त्यावर चर्चा करत, आपले प्रश्न केंद्राला कळवत आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला. चर्चेतून काही गावांनी विहिरी खोदल्या, सुधारित जातीचे वळू आणले, बालवाड्या काढल्या. पुढे १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

मुंबईच्या गिरण्यांमधल्या कष्टकऱ्यांसाठी ‘कामगार सभा’ होती. पाळी सुटल्यावर चाळीत किंवा खानावळीत ती ऐकली जाई. लोकगीते, पोवाडे, तमाशाच्या ढंगाचे वग, कामगार कायद्यांची माहिती आणि कामगारांनीच सादर केलेले कार्यक्रम तिच्यात असत. बाळ कुडतरकर हे मुंबई केंद्राच्या अशा कार्यक्रमांतले मोठे नाव. ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक मालिकेत त्यांनी पंत आणि नीलम प्रभू यांनी मीनावहिनी ही पात्रे इतकी जिवंत उभी केली की श्रोते त्यांना आपल्याच शेजारची माणसे समजू लागले.

रात्री हिंदी आणि इंग्रजी बातमीपत्रे, भाषणे, नभोनाट्ये आणि संगीत असे. श्रोत्यांच्या फर्माइशीची मराठी गाणी ‘आपली आवड’मधून ऐकायला मिळत, पत्र पाठवणाऱ्यांची नावे आणि गावे वाचली जात आणि आपले नाव ऐकण्यासाठी लोक आठवडेच्या आठवडे वाट पाहत. १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि उत्तर-दक्षिणेतले नामवंत कलाकार सर्व केंद्रांवरून एकाच वेळी ऐकू येऊ लागले.

या दिवसामागे मिनिटामिनिटाचे नियोजन होते. कार्यक्रम कित्येक आठवडे आधी ठरत. निवेदकासमोर क्रमपत्रक असे आणि ड्यूटी ऑफिसर प्रत्येक चुकीची, खंडाची नोंद करी. भाषण लवकर संपले तर रिकामी मिनिटे वाद्यसंगीताच्या तबकडीने भरत. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून साहित्यिकांना आणि संगीतकारांना प्रोड्यूसर म्हणून घेण्यात आले. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर, यशवंत देव अशी माणसे या काळात आकाशवाणीत होती. सरकारी कार्यालयाच्या चौकटीत साहित्याची आणि संगीताची जाण आली ती त्यांच्यामुळे.

हे सगळ्यांनी मिळून ऐकणे टप्प्याटप्प्याने ओसरले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरची चित्रपटगीते कमी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यांना परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर इथून तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या. स्वस्त ट्रान्झिस्टरमुळे घरातल्या प्रत्येकाला आपले केंद्र निवडता आले आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आल्यावर संध्याकाळच्या सभेचा श्रोता दुभागला. प्रत्येकाला हवे ते मिळू लागले, हा मोठाच लाभ होता. पण एकाच संचासमोर बसल्याने गृहिणीच्या कानावर पडणारे बाजारभाव, कामगाराच्या कानावर पडणारा बागेश्री आणि मुलांच्या कानावर पडणारी जगाची बातमी, ही न मागता होणारी देवघेव त्यासोबत थांबली. मराठी समाजातले निरनिराळे थर रोज एकमेकांचे काही ना काही ऐकत होते, हे आकाशवाणीच्या त्या दिवसाचे सर्वांत मोलाचे काम होते.