निजलेल्याची खोली

घर सजवणारा उभ्याने पाहतो. दुखणेकरी निजून पाहतो. एवढी साधी गोष्ट मला फार उशिरा उमगली. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिची खाट माजघरात होती आणि विजेचा दिवा नेमका डोळ्यांवर. "तो मालव रे," ती म्हणे. पण तिच्यावर लक्ष ठेवायला आम्हांला उजेड लागे. दिवा तसाच राही.

पुढे फिनलंडमधील पायमिओच्या क्षयरुग्णालयाविषयी वाचले. आल्वार आल्तो या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली ही इमारत १९३३ साली पुरी झाली. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून दहा वर्षे होती. विश्रांती, हवा आणि ऊन यांवरच भिस्त. म्हणून त्याने खोली आखली ती निजलेल्या माणसासाठी. छताला गडद, शांत हिरवट रंग दिला. दिवा रोग्याच्या नजरेआड बसवला. खोलीत खाटा दोन; एकाने हात धुताना दुसऱ्याची झोप मोडू नये, म्हणून पाणी तिरके, आवाज न करता पडेल अशी भांडी घडवली.

वाचून झाल्यावर मी आईच्या खाटेवर निजून पाहिले. दिवा खरोखरच डोळ्यांत खुपत होता.