उवेचें नांव आणि गांव

उवेचें नांव काढतांच कपाळाला आठ्या पडाव्या हें स्वाभाविक आहे. परंतु कबुतरांच्या पिसांतील दोन उवांनीं प्राणिशास्त्रज्ञांस अनेक वर्षें चकविलें. त्यांची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

उत्तर अमेरिकेंत एके काळीं प्रवासी कबुतरांचे थवे सूर्य झांकून टाकीत. बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळें ती अब्जावधींची जात नष्ट झाली. 'मार्था' नांवाची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेली.

अशी ऊ पिसांवरच जगते, अंडीं पिसांनाच चिकटविते, आणि यजमान पक्षी मेला कीं लवकरच तीहि मरते. म्हणून ती कोणत्या पक्ष्यावर सांपडली, या गोष्टीला वर्गीकरणांत फार महत्त्व देतात. १९३७ सालीं माल्कमसन यांनीं या कबुतराच्या एका उवेचें वर्णन केलें व तिला 'कोलम्बिकोला एक्स्टिंक्टस', म्हणजे 'नामशेष' असें नांव दिलें. १९६९ सालीं तेंदेइरो यांनीं 'कॅम्पॅन्युलोटिस डिफेक्टस' ही दुसरी ऊ त्याच कबुतराच्या नांवावर नोंदविली. यजमान गेला, तेव्हां दोघीहि गेल्या असें ठरलें.

पुढें १९९९ सालीं क्लेटन व प्राइस यांनीं पश्चिम अमेरिकेंतील पट्टेरी शेपटीच्या कबुतरांवरील उवा ताडून पाहिल्या. तों 'नामशेष' ऊ तेथें खुशाल नांदत होती! हीं दोन्ही कबुतरें एकमेकांचीं जवळचीं नातलग. दुसऱ्या उवेचा निकाल २००० सालीं लागला. ती ऑस्ट्रेलियांतील एका कबुतरावरची, आधींच ठाऊक असलेली 'फ्लेव्हस' ऊ असावी, असें दिसून आलें. संग्रहांत मृत पक्ष्यांचीं कातडीं एकत्र हाताळतांना एकाची ऊ दुसऱ्याच्या पिसांत जाऊं शकते, आणि चिठ्ठी मात्र दुसऱ्याचीच राहते.

तात्पर्य, एक ऊ मेलीच नव्हती आणि दुसरी त्या घरची नव्हतीच. ही चूक क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. 'नामशेष' असा शिक्का बसला कीं शोध घेण्याची इच्छाच मावळते. अशा याद्यांवरूनच आपण काय गमावलें व काय राखावयाचें, हें ठरवितों. नोंद चुकली असतां ती खोडून टाकणें, यांत शास्त्राचा कमीपणा नाहीं; त्यानेंच उरलेल्या नोंदींवर विश्वास बसतो. उवांचीं नांवें यादींतून खोडलीं गेलीं. प्रवासी कबुतराचें मात्र तेथेंच राहिलें.